डोक्याला तेल, चेहऱ्याला लेप

सुरकुत्या मऊ पडाव्यात म्हणून घरच्या घरी चेहरा चोळणे ही आपल्या आजी-पणजीची जुनी रीत, असे हल्ली सरसकट सांगितले जाते. बोटांवर चार थेंब तेल घ्यायचे, हनुवटीपासून कानाकडे आणि भुवयांपासून केसांकडे हात फिरवायचा, की झाली परंपरा. चेहरा चोळण्याला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो ‘परंपरा’ म्हणून लावलेल्या शिक्क्याला. महाराष्ट्रात, विशेषतः ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, तेल चोळण्याची रीत फार जुनी आणि फार समृद्ध आहे. पण ती प्रामुख्याने डोके, कान, पाय आणि सर्वांगासाठी होती. मोठ्या माणसाच्या चेहऱ्याच्या वाट्याला आला तो लेप. चेहऱ्याला हाताने आकार देण्याचा आणि मनसोक्त माखण्याचा घरगुती प्रकार आयुष्यात दोनदाच येई, एकदा जन्मल्यावर आणि एकदा लग्नात. सुरकुतलेल्या चेहऱ्यासाठी या घरांत मालिश नव्हतीच, आणि ती का नव्हती याची कारणे समाजात शोधावी लागतात.

हे तपासायला मीरा-भाईंदर ही जागा चांगली आहे, कारण एकाच महापालिकेच्या हद्दीत दोन वेगळे काळ शेजारी नांदतात. उत्तन, पाली, चौक, डोंगरी, राई, मुर्धे, नवघर, घोडबंदर ही जुनी गावे. त्यांत कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्ती. दुसरीकडे मीरा रोड आणि भाईंदर पूर्वेच्या इमारती, ज्यांतली बहुसंख्य कुटुंबे १९८०नंतर मुंबईतून आणि बाहेरून आली. ग्रामपंचायती एकत्र करून १९८५मध्ये नगरपरिषद झाली, २००२मध्ये महानगरपालिका. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे होती. त्याआधी पिढ्यान् पिढ्या इथले मुख्य धंदे होते मिठागरे, मासेमारी आणि भातशेती, आणि तिन्ही उन्हातले. मिठागरात भरतीचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात घेत आटवायचे, मीठ धरले की ओढून रास लावायची. हे काम पावसाळा सरल्यावर सुरू होई आणि पुढचा पाऊस येईपर्यंत चाले. डोक्यावर ऊन आणि पायाखालच्या पांढऱ्या मिठावरून परत तोंडावर येणारे ऊन, असा दुहेरी मारा. उत्तनला वलांड्यांवर बोंबील वाळत घालणाऱ्या बाईचेही तेच. या कष्टकरी घरांत खोबरेल तेल होते आणि ते रोज लागत होते. ते टाळूवर थापले जाई, केसांना चोपडले जाई, भेगाळलेल्या टाचांना आणि खाऱ्या पाण्याने चिरलेल्या बोटांना लागे. तेलाचा पहिला हक्क दुखणाऱ्या अंगाचा होता.

वैद्यकाच्या ग्रंथांतही हाच क्रम दिसतो. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’ने महाराष्ट्रातल्या वैद्यांच्या पिढ्या घडवल्या. त्यात दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग करावा, त्याने म्हातारपण, थकवा आणि वात दूर राहतात असे सांगितले आहे, आणि लगेच पुढे तो विशेषेकरून कुठे करावा हेही: डोके, कान आणि पाय. त्या यादीत चेहरा नाही. चेहऱ्याचा विचार त्याच सूत्रस्थानात बऱ्याच पुढे, बाविसाव्या अध्यायात, मुखलेपाच्या निमित्ताने येतो, आणि तो इतका बारकाईने केला आहे की आजच्या कुठल्याही सौंदर्यतज्ज्ञाने वाचावा. लेपाचे तीन हेतू: दोष घालवणे, विष उतरवणे, कांती सुधारणे. लेपाची जाडी तीन प्रकारची: पाव अंगुळ, एक तृतीयांश अंगुळ, अर्धे अंगुळ. ऋतू सहा, म्हणून लेपही सहा. लेप चेहऱ्यावर वाळू द्यायचा नाही, वाळला तर तो कांती बिघडवतो. काढताना आधी ओला करायचा, मग उतरवायचा, आणि त्यानंतर चेहऱ्याला तेल लावायचे. लेप लावलेल्या माणसाने दिवसा झोपू नये, फार बोलू नये, विस्तवाजवळ आणि उन्हात जाऊ नये, शोक आणि राग टाळावा. डाळीचे पीठ आणि साय चेहऱ्यावर वाळून तडकेपर्यंत ठेवायची आणि मग खरडून काढायची, ही घरोघरी रूढ झालेली पद्धत या नियमाच्या थेट उलटी आहे. त्वचा ओढली जाऊ नये, ही काळजी मला या सगळ्या विवेचनाच्या मुळाशी दिसते. तेल येते ते शेवटी, लेपानंतर उघड्या पडलेल्या त्वचेला स्निग्धता द्यायला. चेहरा रगडण्याचा उपदेश तिथे नाही.

यावर कुणी म्हणेल की ग्रंथांना सुरकुत्या ठाऊक होत्या आणि त्यांवर उपायही ठाऊक होते. बरोबर आहे. नीट योजलेला मुखलेप अकाली पिकणारे केस, वांग आणि वळ्या दूर करतो, असे वाग्भट त्याच ठिकाणी सांगतो, आणि वळ्या म्हणजे सुरकुत्याच. पण श्रेय कशाला दिले आहे ते पाहावे. ते लेपाला आहे. आज चेहऱ्यावर चोळायचे म्हणून लहानशा बाटलीत महाग विकले जाणारे कुंकुमादी तेल ‘अष्टांगहृदया’च्या उत्तरस्थानात आहे. तिथे त्याची मुखाची कांती वाढवणारी, वळ्या घालवणारी ख्याती येते ती नस्याच्या संदर्भात, म्हणजे नाकातून घेण्याच्या संदर्भात. चरकाने तेलाची गुळणी तोंडात धरण्याचे फायदे सांगताना जबड्याचे बळ आणि आवाजाचे बळ यांच्या बरोबरीने चेहरा भरणे हाही फायदा मोजला आहे. याचा अर्थ असा, की प्राचीन वैद्य चेहऱ्याच्या वार्धक्याकडे बाहेरून लेपाने आणि आतून नाक-तोंडाच्या वाटेने जात होते. बोटांनी सुरकुती ‘पुसून’ काढण्याची कल्पना त्यांच्या विचारपद्धतीत बसत नव्हती. आणि ग्रंथात आहे म्हणजे मुर्ध्याच्या किंवा पालीच्या घरात होते, असेही नाही. केशर, कमळाचे केसर, शेळीचे दूध आणि मंजिष्ठा घालून तेल सिद्ध करणे हे मिठागरावर मजुरी करणाऱ्याच्या चुलीवरचे काम नव्हते.

ग्रंथ आणि घर यांच्या मधली जागा मराठी वाङ्मयात थोडीफार सापडते. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त श्रीचक्रधरांना मर्दना देणे आणि मग न्हाऊ घालणे हा सेवेचा भाग म्हणून पुन्हा पुन्हा येतो. त्याच्या दीडशे वर्षे आधी कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त राजाच्या स्नानाचे वर्णन केले आहे, त्यातही तेल चोळण्याला मोठी जागा आहे. एकीकडे विरागी महात्मा, दुसरीकडे राजा. दोन्हीकडे मर्दन दुसऱ्याच्या हातून होते आणि त्याचा शेवट स्नानात होतो. दिवाळीतले अभ्यंगही असेच: पहाटे, पाटावर, घरातल्या कुणाच्या तरी हातून, आणि नंतर आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, चंदन यांचे उटणे. उटण्याने तेल निघते, मळ निघतो, अंगाला वास येतो. आरशासमोर एकट्याने बसून स्वतःचा चेहरा चोळणे हे दृश्य या साऱ्या परंपरेला परके आहे. आजच्या घरगुती मालिशीत मात्र तेच मध्यवर्ती आहे.

आता जिथे चेहऱ्याला खरोखर हात लागत होता तिकडे वळू. नवजात बाळाला न्हाऊ घालणारी बाई पाटावर बसते, पाय लांब सोडते आणि बाळाला दोन नडग्यांच्या खोबणीत ठेवते. तेल आधी कोमट केलेले असते. छाती, पोट, हात, पाय, पाठ झाले की ती चेहऱ्याकडे येते आणि तिचा हात एकदम हलका होतो. दोन्ही अंगठे कपाळाच्या मध्यावर ठेवून कानशिलांकडे न्यायचे. भुवयांवरून चिमटीने हलकेच सरकायचे. नाकाच्या दांड्यावर अंगठा आणि तर्जनी वरून खाली आणायची, नाक सरळ व्हावे म्हणून. हनुवटीला गोलाई यावी म्हणून तिथे बोट फिरवायचे. डोके दोन्ही तळहातांत धरून गोल करायचे आणि शेवटी टाळू भरायची. मग गरम पाणी, मग वावडिंग-ओव्याची धुरी. हात कुठून कुठे न्यायचा, कुठे दाब आणि कुठे नुसता स्पर्श, याचे पूर्ण शास्त्र या बाईकडे आहे आणि ते सासू-सुनेकडून, आई-मुलीकडून हातोहात आले आहे. चेहरा हाताने घडवता येतो ही श्रद्धा मराठी घरांत होती, पण ती कोवळ्या चेहऱ्याबद्दल होती. वैद्यकाच्या दृष्टीने तीही तपासायला हवी: नाक ठरते ते हाड, कूर्चा आणि आनुवंशिकता यांवर, चिमटीवर नाही. नाक जोराने दाबणे किंवा नाकात तेल सोडणे याविरुद्ध बालरोगतज्ज्ञ बजावतात ते योग्यच आहे. तरीही इतिहास म्हणून ही नोंद मोलाची आहे, कारण आजच्या सुरकुत्यांच्या मालिशीतल्या कपाळाच्या मध्यापासून कानशिलांकडे जाणाऱ्या हाताला आपल्याकडे काही पूर्वज असेल, तर तो बाळाच्या न्हाणीत आहे.

दुसरा प्रसंग लग्नाच्या हळदीचा. आगरी-कोळ्यांत हळद हा लग्नाइतकाच, कधी लग्नाहून मोठा सोहळा. राई-मुर्ध्यापासून उत्तनपर्यंत आजही हळदीच्या रात्री अख्खे गाव लोटते. पूर्वी आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण गाणी म्हणत एकेक विधी लावून द्यायची. हळद नवरा-नवरीच्या चेहऱ्याला, हातापायांना दहा जणींच्या हातांनी लागते. या रिवाजाचा एक अनपेक्षित साक्षीदार आहे गोव्याचे इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतले धर्मन्यायालय. १४ एप्रिल १७३६च्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांनी सोडायच्या चालीरीतींची लांबलचक यादी आहे, आणि तिच्यात नवरा-नवरीला पिवळे वाटण, दूध, खोबरेल, तांदळाचे पीठ आणि वाटलेला अबोलीचा पाला माखण्यावर बंदी आहे. अनंत काकबा प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरच्या आपल्या १९६१च्या ग्रंथात हा जाहीरनामा समोर आणला. बंदी घालणाऱ्याने नकळत पाककृतीच लिहून ठेवली! तेव्हा उत्तन-डोंगरीचा हा टापू, म्हणजे धारावी बेट, पोर्तुगिजांच्याच ताब्यात होता. १७३९मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत धारावीचा किल्ला आणि मग वसई पडली आणि ती सत्ता इथून गेली. चाली मात्र ना बंदीने संपल्या, ना सत्ता बदलल्याने. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत नारळाच्या दुधाचा रोस टिकला, आणि ईस्ट इंडियन घरांत लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवरून उंबराचे पाणी आणणे टिकले. धर्म बदलला तरी लग्नाआधीच्या न्हाण्या-माखण्याची ओढ सुटली नाही, इतकी ती खोल होती. पण याही साऱ्या प्रकारात चेहरा तरुण आहे. त्याला माखायचे ते शुभ म्हणून, तेज यावे म्हणून, आणि गावाने नव्या जोडप्याला हात लावावा म्हणून.

मग सुरकुत्या पडलेल्या चेहऱ्याचे काय? इथे समाजाचा कठोर भाग समोर येतो. यती, ब्रह्मचारी आणि विधवा यांनी तांबूल, अभ्यंग आणि काशाच्या भांड्यातले जेवण वर्ज्य करावे, असा स्मृतिकार प्रचेतसाच्या नावावरचा नियम धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत उद्धृत होत आला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त विधवेवरच्या अशा बंधनांचा विस्ताराने विचार आहे. मुलींची लग्ने लहानपणी मोठ्या वयाच्या पुरुषांशी लावली जात त्या काळात म्हातारी बाई बहुधा विधवाच असे. तिला अंगाला तेल लावायलाच मनाई. चेहऱ्याची निगा तर दूरची गोष्ट, तिने आरशात पाहणेही लोकांच्या डोळ्यांवर येई. हा नियम ज्यांनी लादला त्यांनी बाईच्या वार्धक्यातून साधा शारीरिक दिलासासुद्धा काढून घेतला. दुखणारे गुडघे आणि कोरडी पडलेली कातडी तेल मागत असताना धर्माच्या नावाने नाही म्हणणे ही क्रूरता होती, आणि ‘आजी-पणजीची परंपरा’ असे गोड शब्द वापरताना ती झाकली जाते. ज्या पणजीच्या नावाने आज सुरकुत्यांचे तेल विकले जाते, तिच्या हाताला ते तेल लागू दिले गेले होते का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

हा नियम उच्चवर्णीयांचा, आगरी-कोळ्यांना तो कुठे लागू होता, असे कुणी विचारील. बरोबर आहे. या समाजांत विधवेचा पाट लागत असे, बाई कमावती होती, मासळीच्या बाजारात तिचा शब्द चाले. तेलाची बंदी तिथे तितकी जाचक नव्हती. पण तिथे दुसरी अडचण होती, वेळेची आणि उन्हाची. पहाटे धक्क्यावर, दिवसा पाटी डोक्यावर घेऊन बाजारात किंवा वलांडीवर. जे तेल आणि जी घटकाभर विश्रांती वाट्याला येई ती डोक्याला आणि कमरेला जाई. एका ठिकाणी नियमाने अडवले, दुसऱ्या ठिकाणी कामाने. म्हातारपणीच्या मुखमालिशीला दोन्हीकडे वाढायला जागा मिळाली नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप पुराव्याच्या स्वरूपाबद्दलचा आहे. बायकांनी घरात काय केले ते लिहिणार कोण? नोंद नाही म्हणून रीत नव्हती असे म्हणता येते का? नुसत्या मौनावरून तसे म्हणता येत नाही, हे मला मान्य आहे. पण हे मौन सरसकट नाही. बायकांच्याच हातातली हळद परकीय धर्मसत्तेच्या जाहीरनाम्यात नोंदली गेली. बाळाची टाळू भरणे, बाळंतिणीचा शेक, दिवाळीचे उटणे, कानात तेल घालणे या साऱ्यांना मराठीत शब्द आहेत, ठरलेल्या वेळा आहेत, त्या त्या कामाची बाई आहे. सुरकुत्यांच्या मालिशीला असे काहीच नाही. तिला वार नाही, सण नाही, ती करणारी ठरलेली बाई नाही. एखादी आजी झोपताना तोंडाला साय किंवा लोणी लावत असेल, नव्हे, अनेक जणी लावत असतील, थंडीत कातडी तडतडते म्हणून. ती निगा होती. वय लपवण्याचा विधी तिच्यातून झाला नाही, कारण म्हातारे दिसण्यात त्या समाजाला लपवण्यासारखे काही वाटत नव्हते. सुरकुत्या मानाच्याही होत्या.

मग आजची पद्धत आली कुठून? तिचा एक उगम विसाव्या शतकातल्या क्रीमच्या डबीत आहे. मुंबईत १९१९मध्ये पाटणवालांचा ‘अफगाण स्नो’ आला. स्नो हा चेहऱ्यात जिरून दिसेनासा होणारा प्रकार, त्याने चोळायला वाव मिळत नाही. कोल्ड क्रीम मात्र तेलकट, बराच वेळ हात सरकू देणारे. पाश्चात्त्य शहरांतल्या सौंदर्यगृहांनी अशा तेलकट क्रीमवरच ठरावीक दिशांनी थोपटणे, उचलणे, चोळणे यांचा शिस्तबद्ध क्रम बसवला. एलिझाबेथ आर्डनचे न्यूयॉर्कमधले सौंदर्यगृह १९१०चे. तोच क्रम पुढे ‘फेशियल’ या नावाने आपल्याकडच्या पार्लरांत आला: आधी सफाई, मग मालिश, मग वाफ, मग पॅक. १९५२मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केले आणि त्याच वर्षी केशव विष्णु पेंढरकरांनी परळमध्ये विको. विकोचे हळदीचे क्रीम १९७५मध्ये बाजारात आले. विकोची उत्पादने सौंदर्यप्रसाधने की आयुर्वेदिक औषधे हा अबकारी कराचा वाद वर्षानुवर्षे चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ती औषधे ठरली. करासाठीचा वाद म्हणून तो कोरडा वाटेल, पण या विषयाचे मर्म त्यात आहे: एकच हळद घरात शुभ, वैद्याकडे औषध आणि दुकानात रूप.

मीरा रोडच्या इमारती उभ्या राहिल्या त्या नेमक्या या टप्प्यावर. चाळीतून, एकत्र कुटुंबातून निघालेली माणसे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आली. मागे सासू, जाऊ, नणंद, शेजारीण असे जे हात होते ते सुटले. बाळंतपणात सव्वा महिना मालिशवाली लावण्याची पद्धत मात्र बहुतेकांनी धरून ठेवली, ती आजही आहे. उरलेल्या अंगाची जबाबदारी बाजाराने उचलली. तळमजल्यावरच्या गाळ्यात, कधी एखाद्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत पार्लर निघाले. दुपारच्या मोकळ्या वेळात अनेक बायकांना तिथे पहिल्यांदाच, स्वतःसाठी म्हणून, कुणीतरी हात लावला. याचे महत्त्व मी कमी लेखणार नाही. शतकानुशतके पुरुषाला, बाळाला, पाहुण्याला तेल चोळणारी बाई इथे पहिल्यांदा डोळे मिटून आडवी पडली. पुढे पार्लरमध्ये पाहिलेला क्रम तिने घरी केला, कधी खर्च वाचवायला, कधी मोबाइलवर पाहून. घरगुती मुखमालिशीची खरी वंशावळ अशी आहे: पार्लरमधून घरी आलेली, आणि आल्यावर घरातल्याच खोबरेलाची, सायीची, हळदीची झालेली. ती नवी आहे म्हणून हलकी ठरत नाही.

या मालिशीने होते काय, हे आता सांगायला हवे. चेहऱ्याचे स्नायू इतर स्नायूंसारखे हाडाला हाड जोडत नाहीत, बरेचसे थेट त्वचेत गुंतलेले असतात. म्हणून हसण्या-रडण्याच्या रेषा उमटतात. चोळल्याने रक्ताभिसरण काही काळ वाढते, साचलेले पाणी सरकते, सूज उतरते. तेलाने त्वचेचा वरचा कोरडा थर मऊ होतो आणि उजेड सारखा पडतो. त्यामुळे सुरकुती उथळ दिसते. हा परिणाम खरा आहे, पण तात्पुरता आहे. २०१८मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या त्वचातज्ज्ञांनी ४० ते ६५ वर्षांच्या २७ स्त्रियांना चेहऱ्याचे व्यायाम शिकवले. आठ आठवडे रोज अर्धा तास, मग दिवसाआड, वीस आठवड्यांपर्यंत. टिकल्या १६ जणी. छायाचित्रांवरून अंदाजलेले वय सरासरी ५०.८वरून ४८.१वर आले आणि गाल भरलेले दिसले. पण हे व्यायाम होते, मालिश नव्हे, आणि तुलनेसाठी व्यायाम न करणारा गट नव्हता. गाल भरण्याची गोष्ट चरकाच्या गुळणीजवळ जाते, एवढे मात्र लक्षात घ्यावे.

ऊन टाळण्याचा पुरावा याहून कितीतरी भक्कम आहे. ऑस्ट्रेलियातल्या नंबूर गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षे केलेला, २०१३मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत त्वचेचे वार्धक्य मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी दिसले. २०१२मध्ये अमेरिकेत नोंदलेला एक ट्रकचालक तर प्रसिद्धच आहे: २८ वर्षे खिडकीकडची डावी बाजू उन्हात, आणि ६९व्या वर्षी चेहऱ्याचा डावा भाग उजव्यापेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेला. वाग्भटाने लेप लावलेल्याला ऊन वर्ज्य केले होते ते इथे आठवते. उत्तनच्या बाईने डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढला, तर कुठल्याही तेलापेक्षा तिच्या चेहऱ्याला त्याचा उपयोग अधिक झाला असणार, असे माझे मत आहे. पण मिठावरून उलटून येणारे ऊन पदराने अडत नाही.

कुणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला, ही मालिश जुनी म्हटल्याने कुणाचे काय बिघडते? बिघडते. जुनी म्हटली की ती तपासायची गरज वाटत नाही, आणि मग माणसे सुरकुती जाईल या आशेने कोरडा चेहरा रगडतात, लेप वाळवून ओरबाडतात, मुरुमे असलेल्या चेहऱ्यावर खोबरेल थापून रंध्रे बुजवतात. जुन्याकडून घेण्यासारखे जे खरोखर होते, म्हणजे हलका हात, कोमट तेल, वाळू न देता ओला करून उतरवलेला लेप, त्यानंतरची विश्रांती आणि उन्हापासून जपणूक, तेच नेमके सुटते. शिवाय ज्यांच्याकडे चेहऱ्याला हात लावण्याचे खरे ज्ञान आहे त्यांचे नाव या कथेत कुठेच येत नाही. उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे या गावांत बाळाला न्हाऊ घालणाऱ्या म्हाताऱ्या बाया अजून आहेत, मीरा रोडच्या इमारतींतून सकाळी चार-चार घरे करणाऱ्या मालिशवाल्या आहेत. त्या कोणते तेल कोणत्या ऋतूत घेतात, नाकावर बोट किती दाबतात, कुठे मुळीच दाबत नाहीत, स्वतःच्या चेहऱ्याला काय लावतात आणि त्यांच्या आईने काय लावले होते, हे एखाद्या महाविद्यालयाने किंवा आयुर्वेदाच्या अभ्यासकांनी त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यायला हवे. मिठागरांवर इमारती उभ्या राहत आहेत, आणि तिथे उन्हात उभ्या राहिलेल्या बायकांची शेवटची पिढी सत्तरीच्या पुढे गेली आहे. हे काम याच दोन-चार वर्षांत झाले पाहिजे.